सासूबाईंचा प्राणांक

टाळ्यांचा कडकडाट झाला तो माझ्या सासूबाईंसाठी. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, दारात माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं आणि सगळ्यांच्या मध्ये एका खुर्चीत सासूबाई. ओल्या फडक्यांत गुंडाळलेले दोन पितळी दांडे त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरले होते. दांड्यांच्या वायरी समोरच्या काळ्या पेटीत गेल्या होत्या आणि पेटीवर निळे आकडे चमकत होते : ३.६.

"तीन पूर्णांक सहा!" पेटीमागे उभे असलेले ऊर्जासर गरजले. "पहिल्या दिवशी या आजी किती होत्या? फक्त दोन! हा यांचा प्राणांक, मंडळी! पेशीपेशीतली क्वांटम कंपनं जागी झाली आहेत. आणि हा लाल दिवा बघा. शरीरानं विश्वऊर्जा स्वीकारली, त्याची ही पोच!"

लाल दिवा लागला होता खरा. लोकांनी माना उंचावून तो पाहून घेतला.

"आजी, काय वाटतंय?"

"हाताला झिणझिण्या येतायत."

"आणि पायाला?"

"पायाला काय, दिवसभर येतात."

"पोचला! प्राण पायापर्यंत पोचला!" पुन्हा टाळ्या.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. माझं औषधांचं दुकान आहे. मधुमेह असलेल्या बाईच्या पायाला दिवसभर झिणझिण्या का येतात, हे मला ऊर्जासरांकडून शिकायची गरज नव्हती. पहिल्या बैठकीपासून सासूबाईंनी गोळ्या बंद केल्या होत्या आणि साखर तपासणंही. उजव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागून जखम झाली होती, ती भरायचं नाव घेत नव्हती. मी मलमपट्टीला बसले की त्या पाय ओढून घेत. "राहू दे. प्राण भरून काढेल," म्हणत.

ऊर्जासर हा माणूस मोठा हुशार. "मी बुवा नाही, बाबा नाही, मी संशोधक आहे," हे ते बसल्या बैठकीला इतक्यांदा सांगत, की न विचारता इतकं कोण सांगतं, अशी शंका यावी. अंगात पांढराशुभ्र डॉक्टरी कोट, खिशाला पेनांची रांग. त्यातल्या एकाही पेनाचं टोपण निघालेलं मी कधी पाहिलं नाही. 'क्वांटम' हा शब्द ते मिठासारखा वापरत, सगळ्यात थोडा थोडा. डावा हात कायम पेटीच्या मागे. "मी मागून ऊर्जेला आधार देतो," म्हणत.

मी एकदा तोंड उघडून पाहिलं होतं. "गोळ्या बंद करू नका हो कोणी," एवढंच म्हणाले. इमारतीचे अध्यक्ष म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. ते लगेच वळले. "तुमच्या गोळ्यांचा खप कमी होतोय, म्हणून पोटात दुखतंय का?" सगळा हॉल हसला. औषधवालीनं औषध घ्या म्हटलं तर कोण ऐकणार?

आता आमच्या घरातल्या पेटीबद्दल सांगायला हवं.

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. इमारतीतल्या निम्म्या लोकांचं स्टिअरिंग यांनीच सरळ केलेलं आहे. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि संध्याकाळी आल्यावर टेबलावर वायरींना डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी तापवत बसायचं, हा यांचा विरंगुळा. मध्यंतरी यांनी पॉवर सप्लायचं एक किट मागवलं. सुटे भाग येतात, ते आपणच जोडायचे. झाल्यावर हवी तितकी वीज देणारी पेटी तयार होते. एका बटणानं व्होल्ट कमीजास्त करायचे आणि दुसऱ्या बटणानं जास्तीत जास्त किती करंट जाऊ द्यायचा ते ठरवायचं. "याचा घरात उपयोग काय?" असं मी विचारलं, तर "असा प्रश्न विचारायचा नसतो," हे उत्तर मिळालं.

जोडून झाली आणि पेटीवरचा लाल दिवा लागला तो विझेचना. जोडलेला इवलासा पंखाही फिरेना. यांनी सगळे भाग उपसले, पुन्हा सोल्डर केले, पुन्हा उपसले. जाडजूड वायरी घातल्या. पेटी तापेल म्हणून माझ्या मोडक्या इस्त्रीचा तळ काढून तिच्या पाठीला स्क्रूनं बसवला. अगदी बारीक करंट दाखवणारा मीटर लावला. दुकानातला इंजेक्शनांचा पत्र्याचा डबा पळवून त्यात सगळा संसार थाटला. दिवा आपला तसाच. जेवताना यांचं लक्ष ताटात कमी आणि दिव्याकडे जास्त.

सासूबाई म्हणायच्या, "याला लहानपणी घड्याळ दुरुस्त करायला दिलं होतं. भिंतीवर अजून खिळाच आहे."

शेवटी एके दिवशी हे खुर्चीतून उडालेच. दुसरं बटण, करंटचं, पहिल्या दिवसापासून अगदी खाली होतं! पेटी ठणठणीत होती, यांनीच तिला अडवून धरलं होतं. बटण जरा वर केलं, दिवा विझला, पंखा भिरभिरला. त्या आनंदात यांनी सासूबाईंना उचलायचंच काय ते बाकी ठेवलं.

तर अशी ही आमची पेटी. ऊर्जासरांच्या हॉलकडे मात्र हे कधी फिरकले नव्हते. पण त्या ३.६ च्या दिवशी सासूबाई इतक्या लंगडत होत्या, की त्यांना वर न्यायला यांना यावंच लागलं. हे दारात उभे राहिले, पेटीकडे पाहिलं आणि माझा दंड असा दाबला की मी कळवळले.

"अगं, तो दिवा!"

"विश्वऊर्जेची पोच आहे ती."

"कसली डोंबलाची पोच! त्याच दिव्यानं मला रडवलंय!"

रात्रीचं जेवण बाजूला ठेवून यांनी मला समजावलं. "हे बघ, आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं ॲक्सिलरेटर कितीही दाबू दे, मी पाय ठेवला की गाडी मला हवी तेवढीच पळणार. मग काट्यावर दिसतो तो वेग कोणाचा? शिकणाऱ्याचा की माझा?"

"तुमचा."

"लाल दिवा म्हणजे तो ब्रेक. दिवा लागला याचा अर्थ, पेटी म्हणते, मी ठरवलेल्या करंटच्या वर जाऊ देणार नाही. आकडा आईचा नाहीच. त्या माणसानं मागे बटण जिथे ठेवलंय, त्याचा आहे."

"आणि ती ओली फडकी?"

"चाटून बघ, खारट लागतील. कोरड्या हातांतून करंट फार जात नाही, आणि जातो तो प्रत्येकाचा वेगळा. मिठाच्या पाण्यानं कातडीचा अडथळा गेला की सगळे सारखेच ब्रेकपर्यंत पोचतात. म्हणून तर नवे येतात त्या सगळ्यांचा दोन! लठ्ठ माणूस दोन, बारीक माणूस दोन, सर्दी झालेला दोन. पुढच्या बैठकीला हा बटण जरासं वर करतो, की सगळ्यांची प्रगती."

आम्ही सासूबाईंना टेबलापाशी बसवलं. आमच्या पेटीच्या वायरींना दोन चमचे बांधले, त्यांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली आणि ते त्यांच्या हातात दिले. "आई, किती प्राणांक हवाय? तीन? हा घे तीन. एक? हा एक."

सासूबाईंनी चमचे खाली ठेवले. "तुझी पेटी तुझं ऐकणारच. सरांची पेटी सरांचं ऐकते."

"अगं आई, मी तेच सांगतोय!"

"मला नको सांगूस. त्यांच्या पेटीवर करून दाखव, मग बघू."

हे मला म्हणाले, "दाखवायला काय, दोन दांडे एकमेकांना टेकवायचे. मध्ये कोणी नाहीच. तरी आकडा तोच राहील."

"आणि बार उडाला तर?"

"ब्रेक लागलाय तोवर काही होत नाही."

पुढच्या बैठकीला हॉल आणखीच भरला. ऊर्जासरांनी जाहीर केलं होतं, की आज ज्यांचा प्राणांक चार होईल ते कायमचे औषधमुक्त. दाराशी एक पिंप ठेवलं होतं, गोळ्या टाकायला. मी त्यात डोकावले. रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाच्या गोळ्या, बऱ्याचशा माझ्याच दुकानातून गेलेल्या. सासूबाई आपली गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. पायाला फडक्याची जाड गुंडाळी, आणि ती गुंडाळी मला लांबूनही ओली दिसत होती.

"धरा आजी. डोळे मिटा. विश्वाला म्हणा, ये!"

विश्व आलं. ४.०. लाल दिवा लागला. हॉल दणाणून गेला.

"आई," हे मोठ्यानं म्हणाले, "आता दांडे एकमेकांना टेकव."

ऊर्जासरांचा चेहरा उतरला. "नाही! अजिबात नाही! प्राण प्राणावर आदळेल! स्फोट होईल!"

लोक मागे सरले. मुख्याध्यापक खांबाआड गेले. माझ्या सासूबाईंना एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगणं ही चूक आमच्या घरात आता कोणी करत नाही, पण ऊर्जासर घरचे नव्हते. सासूबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं आणि फडकी बाजूला सारून दांडे टेकवले.

बार नाही, ठिणगी नाही. ४.०.

सासूबाईंनी दांडे तसेच एकावर एक टेबलावर ठेवले. हात पुसले. खुर्चीवरून उठल्या, दोन पावलं मागे झाल्या आणि चष्मा नीट करून पेटीकडे पाहिलं. ४.०. लाल दिवाही चालू.

"आता तर मी तिथे नाहीच ना?" त्या म्हणाल्या.

मग त्या ऊर्जासरांकडे वळल्या.

"मग हा चार कोणाचा?"

"तुमचा स्पर्श, आजी," ऊर्जासर घाम पुसत म्हणाले. "दांड्यांत तुमचा प्राण राहिलाय. शिवाय वातावरणात सूक्ष्म..."

"वातावरणातच चार आहे तर आम्ही घरी बसूनच घेऊ की," मागून एक बाई म्हणाली. हॉलमध्ये हशा पिकला, आणि या वेळी तो माझ्यावर नव्हता.

यांनी पुढे होऊन पेटी फिरवली. मागे काळ्या कापडाचा छोटा पडदा, त्याखाली दोन बटणं. अगदी आमच्या पेटीसारखी, फक्त इस्त्री नव्हती. हे म्हणाले, "अध्यक्ष, हे उजवीकडचं तुम्ही फिरवा."

मुख्याध्यापकांनी बोटानं हळूच फिरवलं. ५.१. आणखी फिरवलं. ६.३. उलट फिरवलं. १.२. एकावर एक पडलेल्या दोन दांड्यांचा प्राण क्षणात वाढला आणि क्षणात जायला लागला. मुख्याध्यापकांनी बटणावरचं बोट काढून घेतलं.

"म्हणजे माझा अडीच आला होता, तेव्हा मी अडीच नव्हतो?"

"तुम्ही होता तेवढेच आहात, सर," हे म्हणाले. "अडीच ते बटण होतं." मग यांनी तो दोन ब्रेकवाला हिशोब सगळ्यांना सांगितला, आणि यांच्याकडे गाडी शिकलेल्यांच्या माना पटापट हलल्या. त्या दुसऱ्या ब्रेकनं त्यांना चांगलेच हिसके दिलेले होते.

तोवर ऊर्जासर मागच्या दारानं गेले होते. पेटी घ्यायलाही थांबले नाहीत. पिंपाभोवती मात्र झुंबड उडाली. जो तो आपल्या गोळ्या शोधत होता, आणि दुसऱ्याच्या गोळ्या कोणी उचलू नयेत म्हणून मी पिंपावर अक्षरशः पालथी पडले होते. प्रत्येकाचं पाकीट वाचून त्याच्या हातात देता देता माझा घसा बसला. मुख्याध्यापकांनी आपलं पाकीट घेताना माझ्याकडे पाहिलं नाही, पण "आभारी आहे" म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही सासूबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुंडाळी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. औषधवाली असून तू काय करत होतीस, हे त्या नजरेत होतं. करंगळी काढावी लागली. आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं ते म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. ऊर्जासर हॉलमधून रिकाम्या हातानं पळाले असं लोक अजून हसून सांगतात. मला नाही हसू येत. जाताना ते माझ्या सासूबाईंचं बोट घेऊन गेले.

सासूबाई आता गोळ्या वेळेवर घेतात आणि रोज पाय तपासून घेतात. गंमत अशी, की इमारतीतले दोघं-तिघं हळूच आमच्याकडे येऊन गेले. "तुमची पेटी आहे ना? एकदा बघा ना आमचा किती येतो. नुसतं बघायला." यांनी कपाळावर हात मारला. सासूबाईंनी त्या पाहुण्यांना समोर बसवलं, पाय पुढे केला आणि जिथे करंगळी होती ती जागा दाखवली. चहा न घेताच गेले बिचारे.

मला एवढंच सांगायचंय. आकडा दिसला, दिवा लागला, हाताला झिणझिण्या आल्या, म्हणून ते विज्ञान होत नाही. पांढरा कोट कोणालाही शिवून मिळतो, आणि पेटी तर आमच्या यांनाही जमली. कोणत्याही यंत्रापुढे बसण्याआधी त्याच्या मालकाला विचारा : इथे कोणीच बसलं नाही तर हे काय दाखवेल? यंत्र खरं असेल तर मालक आनंदानं दाखवेल. माझ्या दुकानातल्या साखर मोजायच्या यंत्राबद्दल विचारा, मी गिऱ्हाईक थांबवून दाखवीन, की रक्ताचा थेंब नसेल तर ते आकडाच देत नाही. आणि जो चिडेल, घाबरवेल, स्फोट होईल म्हणेल, त्याच्यासमोरून तिथल्या तिथे उठा. माझ्या सासूबाईंनी हा प्रश्न भर हॉलमध्ये विचारला, पण तोवर करंगळीला उशीर झाला होता. तुम्ही आधी विचारा.