हेडमास्तरांची कवळी

वृद्धाश्रमाची प्रमुख म्हणून मला नेमलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी कॉन्व्हेंटमधल्या बाकीच्या सिस्टरांना सांगितलं होतं, की मी नुसती ऑफिसात बसणार नाही. दर रविवारी एका आजारी माणसाला मी माझ्या हातांनी जेवू घालीन. तीन वर्षं मी ते पाळलंही. पाळताना कुणीतरी बघत असलेलं मला आवडायचं, हे मात्र स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी हेडमास्तर तोंडावर पालथा हात धरून बसलेले दिसले. आयुष्यभर शाळा चालवलेला माणूस, म्हणून सगळे त्यांना हेडमास्तर म्हणायचे. नाश्त्याला कुणी चुकीचं बोललं की ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. त्या दिवशी गप्प. कवळी हरवली होती. नर्स सिस्टरने उशी, कपाट, पलंगाखाली, सगळं पालथं घातलं. पलंगावरच्या चादरी त्याच पहाटे धुवायला गेल्या होत्या. महिन्यापूर्वी एका आजींचा चष्मा असाच मशीनमधून निघाला होता. मला आणखी पुरावा लागला नाही.

धुण्याचं काम मावशींकडे. बावीस वर्षं त्या तिथे होत्या, माझ्याआधी चार मदर त्यांनी पाहिल्या होत्या. टॉवेलांची टोपली घेऊन त्या जेवणाच्या खोलीत आल्या आणि मी तिथेच, सगळ्यांदेखत सुरू झाले.

"मावशी, चादरी झटकून मशीनमध्ये टाकायच्या, हे किती वेळा सांगायचं?"

"झटकते मी, मदर."

"मग कवळीला काय पाय फुटले?"

दोघं-तिघं हसले. मलाही माझा विनोद बरा वाटला. मावशींनी टोपली कमरेवर घेतली आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मी गुरुवारच्या मननाची तयारी केली. आठवड्यातून एकदा आम्ही सहाही सिस्टर एकत्र बसतो आणि रोजच्या कामात प्रभू कुठे भेटला, यावर मी चार शब्द बोलते. या वेळचा विषय होता, पुढारीपण म्हणजे ऐकणं. तीन पानं झरझर लिहून झाली. मंगळवारी खिडकीतून पाहिलं, तर मावशी मशीनचा पाइप काढून, कोपरापर्यंत हात घालून गाळ चिवडत होत्या. बरं झालं, मी मनात म्हटलं, आता लक्षात राहील.

बुधवारी दुपारी ऑफिसात आले, तर टेबलावर माझे इस्त्री केलेले ॲप्रन होते. वर एक स्वच्छ रुमाल, चौकोनी घडी केलेला. उघडला, तर आत कवळी. धुतलेली.

मला लख्ख आठवलं. रविवारी संध्याकाळी मी हेडमास्तरांना सूप भरवत होते. पोट भरलं की ते पेंगत पेंगत कवळी काढून समोरच्याच्या हातात ठेवतात आणि कुणाला दिली ते विसरून जातात. तेवढ्यात फाटकाशी पाहुण्यांची गाडी आली. मी कवळी कागदात गुंडाळून ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि हसतमुखाने पाहुण्यांना सामोरी गेले. ॲप्रन माझ्या मळक्या कपड्यांच्या पिशवीत गेला. ती पिशवी बुधवारी धुण्याला जाते.

मी उठून दार लावलं. पश्चात्ताप झाला, असं लिहायला आवडलं असतं. पण आधी मनात आलं ते हे, की मावशींशिवाय आणखी कुणाला कळलंय?

कवळी मी हेडमास्तरांना नेऊन दिली. "कुठे सापडली?" नर्स सिस्टरने विचारलं.

"सापडली एकदाची," मी म्हटलं आणि वेळ मारून नेली.

रात्रीच्या जेवणाला मावशी टॉवेल ठेवायला आल्या. हेडमास्तर पुन्हा बोलते झाले होते. "बाई, यापुढे जरा लक्ष देत जा," ते ठणकावून म्हणाले.

"हो, मास्तर," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्या जागेवरून एक वाक्य बोलायचं होतं. मी मीठ पुढे सरकवलं.

गुरुवारी पहाटे चॅपलमध्ये 'माझ्या अपराधाची क्षमा कर' इथे येऊन माझा आवाज बसला. शेजारच्या सिस्टरला वाटलं, सर्दी झाली.

मननाला पाचही जणी वह्या घेऊन बसल्या. मी कागद उघडले, दोन ओळी वाचल्या आणि पुढे जाता येईना. मग सगळं सांगितलं. सर्वांत वयस्क सिस्टर मायेने म्हणाल्या, "मदर, तुम्ही कबूल केलंत, हाच मोठेपणा."

ते ऐकून आत कुठेतरी सुखावल्यासारखं झालं आणि मला स्वतःची किळस आली. म्हणजे यातूनसुद्धा मी मोठी होऊनच निघणार होते. चूक बंद दाराआड सांगून भागणार नव्हतं. दुपारच्या जेवणाला, जिथे मावशींना बोलले होते तिथेच उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की कवळी माझ्या खिशात होती आणि हे कालपासून मला ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हेडमास्तरांनी चमचा खाली ठेवला. "बाई, माझंही चुकलं," ते मावशींना म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. जे बोलायला मला एक दिवस आणि एक रात्र लागली, ते त्यांना तेवढ्यात जमलं.

नंतर मी धुण्याच्या खोलीत गेले. मावशी उशांचे अभ्रे उलटे करत होत्या.

"सापडली तेव्हाच सगळ्यांना का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत मान खाली जाते तेव्हा कसं वाटतं, ते सोमवारीच कळलं होतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाला नको." त्यांनी अभ्रा झटकला. "आणि खरं सांगू? तुम्ही आपणहून बोलताय का, तेही बघायचं होतं."

"मला माफ कराल?"

"करीन. पण आज नाही, मदर. सोमवारचं सगळं घरी सुनेला कळलंय. ती दोन दिवस मला विचारतेय, कवळी खरंच तुमच्या हातून गेली का म्हणून. आता तिला जाऊन सांगायचंय."

याला महिना होऊन गेला. मावशी नमस्कार करतात, विचारलं तेवढं बोलतात. परवा मशीनचा पट्टा तुटला, ते सांगायला ऑफिसच्या दारात आल्या.

"बसा ना," मी म्हटलं.

"उभीच बरी."

मग मीही खुर्चीतून उठले, आणि पट्टा कसा तुटला ते त्यांनी मला नीट समजावून सांगितलं.