बदलीचं कारण

वनखात्यात नोकरी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे वाघ येतो. शिवदासच्या वाट्याला आला चिखल. गुडघाभर, खारा, नवघरच्या खाडीचा. बारा वर्षं त्यानं जव्हारकडच्या डोंगरात वनरक्षक म्हणून काढली. दोन हजार सहा साली बाप वारला, तेव्हा बदलीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात एकच ओळ लिहिली: आई घरी एकटी असते. साहेब म्हणाले, "खाडीतली तिवरं, सगळी खारफुटी, आता आपल्या खात्याकडे आलीय, तू गावचाच माणूस, बरंच झालं. पण स्वतः मागून बदली घेतलीस की ज्येष्ठता जाते हं. वनपाल व्हायची वाट पुन्हा पहिल्यापासून बघावी लागेल." शिवदास म्हणाला, बघीन की.

गावचाच माणूस! इथंच तर सगळी मेख होती. जव्हारला तो परका, तरी कुणाच्याही ओट्यावर टेकला की नाचणीची भाकरी पुढे यायची. इथं निम्मी आळी चुलत्यांची नि निम्मी मामांची, आणि त्याला बघितलं की चालू बोलणी बंद. का नाही होणार? पिढ्यानपिढ्या भातशेती नि मिठागरं केलेल्या माणसांना खाडी म्हणजे परसदार. तिवराचं जळण तोडताना कुणी कुणाला विचारलं होतं? आता जमिनीला सोन्याचा भाव आला, तर घरचाच पोरगा खाकी घालून सांगतो, हात लावू नका. दोन वर्षांत त्याला एकाही हळदीचं बोलावणं आलं नाही. आगऱ्याच्या पोराला हळदीला न बोलावणं म्हणजे त्याला जिताजागता मेल्यात जमा करणं. छत्तिशी आली तरी स्वतःचं लग्न जमायचं राहिलेलं, त्यामुळे घरी बोलायला आई सोडून कुणी नव्हतं.

तो तग धरून होता तो एकाच गोष्टीवर. आईला बोलावणी येत होती. जिजाबाई धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, विधींची गाणी, गाणारी. नवरा गेला तरी तिचा तो मान गेला नव्हता. लग्नसराईत दोन-चार दिवसांआड ती हिरवं लुगडं नेसायची, "मुर्ध्याला लगीन हाय, बाला," म्हणून निघायची आणि तिन्हीसांजेला पदराच्या गाठीत दोन लाडू घेऊन परतायची. ते लाडू खाताना शिवदासला वाटायचं, चला, आपल्याला नाही तर नाही, म्हातारीचं तरी सुखात चाललंय.

मे महिन्यातल्या त्या दिवशीही ती राई गावच्या लग्नाला म्हणून गेली, आणि हा फेरीवर निघाला. खाडीच्या कडेला येऊन बघतो तर काय, चाळीसेक तिवरं आडवी! बाजूला डेब्रिजचा ढीग. आणि कमरेवर हात ठेवून उभा कोण, तर त्याचा सख्खा चुलतभाऊ कुलदीप. टेम्पो लावायला शेड बांधायची होती त्याला.

"दादूस, तू मधी नको परू," कुलदीप म्हणाला. "तू काय बघलाच न्हाय असा समज."

"बघितलंय, कुलदीप."

"मग जा, पंच आन गावातनं. बघू कोन येतंय."

नेमकं वर्मावर बोट ठेवलं त्यानं. जागेवर जे दिसलं ते लिहायचं आणि त्याखाली दोन तटस्थ माणसांच्या सह्या घ्यायच्या, हा पंचनामा. सह्या नाहीत तर तो कागद रद्दी. संध्याकाळी आणखी दोन डंपर येणार होते. भराव पडला की थोटकंही दिसणार नव्हती.

शिवदास दारोदार फिरला. किराणावाला म्हणाला, "साहब, मुझे इधर ही धंधा करना है." शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राची बायको म्हणाली, "घरात न्हाईत," आणि मित्राच्या चपला तर उंबऱ्याशी होत्या. भरदुपारी स्वतःच्या गावातून हातात कोरा कागद घेऊन हिंडताना त्याला भिकाऱ्यासारखं वाटलं.

शेवटी तो खाडीलगतच्या नव्या बिल्डिंगचा जिना चढला. तिसऱ्या मजल्यावर पंढरीनाथ राहायचे, गिरगावातून इथं आलेले, बँकेतून निवृत्त झालेले. शिवदासनं सांगितलेलं सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला.

"सकाळी कोयते चालले होते ते आम्ही दोघांनी खिडकीतून बघितलंय," ते म्हणाले. "आम्हाला इथं कोण ओळखतंय? चला." मागून त्यांच्या पत्नी उर्मिलाबाईही चपला घालून निघाल्या.

दोघांनी थोटकं मोजली, वाचून सह्या केल्या. कुलदीप थुंकला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

परत निघताना उर्मिलाबाई म्हणाल्या, "शिवदास, ती बांधावरची बाई कोण हो? हिरवं नऊवारी नेसून येते. लग्नातली गाणी म्हणते, एकटीच. वारा इकडचा असला की ऐकू येतं आम्हाला. काय गोड गळा! आजही आलीय बघा."

शिवदास हातातल्या कागदासकट बांधाकडे वळला.

बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर, पडक्या शेडच्या सावलीत जिजाबाई बसली होती. त्याला बघून ती गायची थांबली, पण दचकली नाही.

"आये, राईला गेली होतीस ना?"

"बस."

"कधीपासनं चाललंय हे?"

"तू आल्यावर एक सराई बोलावला त्यांनी. मंग घोडबंदरची बाई आनतान." ती जरा हसली. "सूर न्हाय तिला."

"आणि लाडू?"

"फरसानवाल्याकडचं."

शिवदासला राग आला. गावाचा, स्वतःचा, तिचासुद्धा. "सोडतो मी ही नोकरी!" तो ओरडला.

"म्हनून तर सांगला न्हाय तुला. तुज्या बापानं मिठात पाय कुजवून शिकवलाय, नोकरी सोराची न्हाय." तिनं त्याच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "पंचनामा झाला?"

"झाला."

"बरा केलास. आता बदली माग. तू गेलास का मना बोलवतील. पोराचा राग आयशीवर कारतान लोक, पोरगा समोर हाय तवर."

"तू रागावलीस माझ्यावर?"

"तुज्यावर कनाला रागवू? तू तुजा काम करतंस. पन मना गायाचा हाय रं, बाला. मानसांत बसून गायाचा हाय. हितं कुनासाठी गाऊ, बगल्यांसाठी?"

शिवदास तिथंच चिखलात बसून लहान पोरासारखा रडला. रडू ओसरल्यावर तिनं पदराची गाठ सोडली, एक लाडू त्याला दिला, एक स्वतः घेतला. दोघंही खात राहिले.

सोमवारी त्यानं साहेबांपुढे दोन कागद ठेवले. एक कुलदीपच्या केसचा, दुसरा बदलीचा अर्ज, परत जव्हारकडं. साहेबांनी पहिला वाचून मान डोलावली. दुसरा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, पुन्हा ज्येष्ठता जाईल! वनपाल काय निवृत्तीच्या दिवशी व्हायचंय का तुला? आणि हे कारण काय लिहिलंयस? 'आई घरी एकटी असते.' इकडं येताना हेच कारण दिलं होतंस ना?"

"हो साहेब," शिवदास म्हणाला. "तेच आहे."