सात वाकडे टाके

मी चामड्याचा जुना फुटबॉल. पांढुर्ण्यात डॉक्टर भगवंतरावांच्या कपाटावर पडून आहे. हार घेऊन येणाऱ्यांना लांबूनच सांगतो, मला तुमचा राग आहे.

डॉक्टर देशाकडून खेळलेले गोलकीपर. परदेशातल्या शेवटच्या सामन्यानंतर मला घेऊन ते गावी आले आणि दवाखाना उघडला. माझी शिवण उसवली की जखमेच्या दोऱ्यानेच शिवत. "टाका सरळ पडला पाहिजे," म्हणत. माणसांनाही तसेच शिवत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार असते. जाम नदीच्या दोन काठांवरून माणसे एकमेकांना दगड मारतात. दरवर्षी फुटलेली डोकी शिवून डॉक्टर कंटाळले. एका वर्षी मला काखेत घेऊन नदीत उतरले आणि म्हणाले, दगड ठेवा, याने खेळा. दोन्ही काठ हसले. मग गुणवंता नावाच्या जवान गड्याने दगड मारला. देशासाठी गोल अडवणारा उजवा हात चेचला गेला.

संध्याकाळी तोच गुणवंता डोके फुटून दवाखान्यात आला. डॉक्टरांनी ओळखले. डाव्या हाताने सात टाके घातले. त्यांची लहान मुलगी करुणा ट्रे धरून उभी होती. टाके वाकडे पडले.

बरा झाल्यावर गुणवंतानेच त्यांचे नाव पाडले, वाकडा डॉक्टर. लोक हसले आणि टाके घालायला सौंसरला जाऊ लागले. डॉक्टरांनी पुन्हा सुई धरली नाही. तसेच गेले.

परवा गुणवंता घरी आला. आता म्हातारा, सत्कार समितीचा अध्यक्ष. सोबत चार माणसे, हातात हार. चौकात डॉक्टरांच्या नावाने काचेची पेटी ठेवायची आहे, चेंडू द्या, म्हणाला. करुणाने विचारले, पाटीवर बाबांच्या हाताचे लिहाल का?

"कायले जुनं उकरून राहिली बाई? मी तर त्या दिवशी तिगावले होतो. कोनं मारला, मले काय मालूम?"

"टोपी काढा, गुणवंताभाऊ."

"टोपीचं काय काम आता?"

"बाबाचे टाके पाहू द्या मले. असे वाकडे टाके त्यानं जिंदगीत एकाच डोक्याले घातले."

गुणवंताचा हात टोपीवर गेला आणि तिथेच राहिला. चारही माणसे त्या टोपीकडे पाहू लागली. तो तशीच दाबून धरून उठला आणि पायऱ्या उतरला. हार खुर्चीवरच राहिला. करुणाने तो दारातल्या बकरीपुढे टाकला.

गुणवंता चौकात टोपी काढेल त्या दिवशी मी खुशाल पेटीत बसेन. तोवर माझ्यात कोणी हवा भरू नका.