दार लावा, गारवा जातो

एसी बसवायला मेकॅनिक येणार म्हणून त्या दिवशी घरातले सगळे सकाळपासून धुतलेल्या कपड्यांत वावरत होते. जणू यंत्र नव्हे, जावईच येणार होता. उन्हाळा असा की आंघोळ करून बाहेर आलेला माणूस टॉवेल वाळत घालेपर्यंत पुन्हा घामाने निथळायचा. भिंतींना ओल, अंथरुणाला ओल, मिठाच्या बरणीत पाणी. तीन वर्षांची चिमणी घामोळ्यांनी रात्रभर रडायची. तिच्यासाठी एसीचा हट्ट धरला होता तो तिच्या आईने, म्हणजे या घरच्या सुनेने. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. बाटल्यांवर ‘थंड जागी ठेवा’ असं छापलेलं असतं, ते वाचून तिला रोज आपल्या लेकीची पाठ आठवायची.

मेकॅनिकने हॉलची भिंत ठोकून पाहिली आणि खिडकीतून खाली वाकून मान हलवली.

“आउटडोअर, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, बाहेरच्या भिंतीला लावावं लागेल. लोखंडी स्टँड, जास्तीचा पाइप, आणि दोरावरून उतरणारा माणूस. त्याचे पैसे वेगळे.”

आकडा ऐकून सासरे खुर्चीतून उठलेच. “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! यंत्र घेतलं ते पुरे नाही का? ही गॅलरी आहे की. इथे बसवा.”

“गॅलरी काचांनी बंद केलीय साहेब. यंत्र गरम वारा ओकणार. इथे कुणी असतं का?”

“कुणी नाही,” सासरे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “म्हणजे, आमची बहीण असते.”

मेकॅनिकने गॅलरीतल्या खाटेकडे पाहिलं. खाटेवर घडी घातलेली चादर, उशाशी पाण्याचा तांब्या आणि चष्म्याची डबी होती. “मग काचा कायम उघड्या ठेवा,” तो म्हणाला आणि ड्रिल काढलं. सून चिमणीला कडेवर घेऊन तिथेच उभी होती. तिच्या मनात काहीतरी टोचलं. पण पोर एकदाची शांत झोपेल, या आनंदात तिने ते टोचणं झटकून टाकलं.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला, सासरच्यांनी हात वर केले आणि त्या भावाच्या दारात आल्या. आपण बहिणीला आसरा दिला, हे भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला आजतागायत ऐकवत असत. त्या आसऱ्यापोटी आत्यांनी हा सगळा संसार रेटला, भाच्याला मांडीवर वाढवलं, भावजयीची दुखणी काढली, हे मात्र कुणी कुणाला ऐकवत नसे. पाहुणे आले की आत्यांनी गॅलरीत जाऊन बसायचं, हा घरचा जुना शिरस्ता. नवरा नसलेली बाई चारचौघांत बरी दिसत नाही, असं सासूबाईंचं मत होतं. आत्यांच्याही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बेल वाजली की त्या आपणहून उठायच्या.

एसी सुरू झाला आणि घराचं नशीबच पालटलं. सगळ्यांची अंथरुणं हॉलमध्ये आली. आत्यांचं मात्र नाही. “ताईला गार वारा सोसत नाही, सांधे धरतात तिचे,” असं सासऱ्यांनी जाहीर केलं. त्यांच्या सांध्यांना कुणी विचारलं नव्हतं. गॅलरीचं लाकडी दार दमट हवेने फुगलेलं, नीट बसायचं नाही, आपोआप किलकिलं व्हायचं. म्हणून हॉलच्या बाजूने त्याला नवी कडी लावली. आत्यांना न्हाणीघरात जायचं असलं की त्या गॅलरीतून दार वाजवायच्या आणि कुणीतरी उठून कडी काढायचं. त्या आत येऊन पुन्हा बाहेर गेल्या की घरभर एकच घोष व्हायचा, “दार लावा, गारवा जातो!” चिमणी तेव्हा नुकती सलग वाक्यं बोलायला लागलेली. तिने हे वाक्य सगळ्यांत आधी उचललं, आणि तिच्या बोबड्या तोंडून ते ऐकून घर हसून लोटपोट झालं.

पुढे समोरच्या इमारतीतल्या वकीलबाईंनी तक्रार केली की यंत्राची घरघर त्यांच्या बेडरूमपर्यंत येते. सासरे शेजारधर्माला पक्के. “दुपारी आम्ही काचा लावून घेऊ, तुम्ही निश्चिंत राहा,” त्यांनी शब्द दिला आणि तो पाळला. घरच्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर चालतो. शेजाऱ्याला दिलेला मोडला तर अब्रू जाते.

“कपडे बघ कसे पटापट वाळतात हल्ली,” सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

वाळत होते ते नुसते कपडेच नव्हते. आत्यांचे ओठ फुटले. डोळे लाल राहू लागले. त्या पदर बादलीत बुडवून डोक्यावर घेऊन बसायच्या. दार वाजवायला नको म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. सून एकदा त्यांचं ताट घेऊन गेली तर खाटेची लोखंडी दांडी हाताला चटका बसेल इतकी तापलेली.

“आत्या, हॉलमध्ये झोपा तुम्ही. मी सरकते.”

“राहू दे गं. आयुष्यभर चुलीपाशी बसले, मला कसली धग?” आत्या हसल्या. “तुझी पोर झोपते ना आता सुखाने? मग झालं तर.”

सुनेने नवऱ्याकडे विषय काढला. “अहो, आत्यांचे हाल होतायत. ते यंत्र बाहेरच्या भिंतीला लावून घेऊ या.”

“बोनस मिळाला की बघू,” तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. “आणि आत्या काही बोलली का? त्रास असता तर बोलली नसती?”

याच आत्यांनी त्याला लहानपणी तापात रात्र रात्र खांद्यावर घेतलं होतं. तो तरी तेव्हा कुठे काही बोलला होता!

मग तो रविवार आला. नवऱ्याचे साहेब सपत्नीक यायचे होते. बढतीचं घाटत होतं, त्यामुळे घर आरशासारखं लख्ख केलेलं. बेल वाजली. आत्या उठल्या आणि गॅलरीत गेल्या. सासऱ्यांनी आत जाऊन, आत्यांना एकटीने न सरकणाऱ्या त्या जड काचा ओढल्या, बाहेर येऊन कडी घातली आणि हसतमुखाने दार उघडायला गेले.

साहेबांनी गारव्याची तारीफ केली. सासऱ्यांनी लगेच तापमान आणखी उतरवलं, आणि गॅलरीतलं यंत्र जोरात घोंगावू लागलं. सुनेने स्वयंपाकघरात सरबताचे ग्लास भरले. एक जास्तीचा भरून ती हॉलकडे वळली, तर सासूबाईंनी वाटेतच अडवलं.

“तो कुणाला?”

“आत्यांना देते.”

“पाहुणे जाऊ देत. मध्येच दार उघडलंस तर गारवा जाईल, आणि त्या पसाऱ्याचं दर्शन नको त्यांना.”

सुनेने ग्लास ओट्यावर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज तिला पुढे जन्मभर ऐकू यायचा होता.

गप्पा रंगल्या. मध्येच दारावर टकटक झाली. सावकाश, नेहमीसारखीच, संकोचाने केलेली.

“काय वाजलं?” साहेबांच्या बायकोने विचारलं.

“काही नाही, वाऱ्याने दार हलतं आमचं,” सासरे म्हणाले, आणि सगळे हसले.

सून दाराकडे पाहत राहिली. काचा लावलेल्या होत्या. वारा कुठून येणार? पुन्हा टकटक झाली, पहिल्यापेक्षा हलकी. ती उठणार तेवढ्यात नवऱ्याने डोळ्यांनी दटावलं. ती बसली. मग पुढे दार वाजलंच नाही, आणि ती शांतता तिला असह्य झाली. साहेब नोकरीतला कुठलासा विनोद सांगत असताना ती मधूनच उठली. कोण काय म्हणतंय ते न ऐकता तिने कडी काढली.

भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ तिच्या चेहऱ्यावर आली. आत्या दाराशीच पडल्या होत्या. एक हात दारावर टेकवलेला होता, तो दार उघडताच तिच्या पायावर पडला. ओला पदर खडखडीत वाळला होता.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी नाडी पाहिली, कपाळावर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. “इतकं तापलेलं अंग! कुठे होत्या या?”



समाचाराला माणसं आली ती त्याच हॉलमध्ये बसली. उकाडा तसाच होता, म्हणून एसी चालू होता. गॅलरीच्या दाराला कडी होती. सासरे रुमालाने डोळे टिपत प्रत्येकाला सांगत होते, “वय झालं होतं हो ताईचं. पण भाग्याची. झोपेतच गेली. शेवटपर्यंत सांभाळलं आम्ही तिला.”

“पुण्यवान हो तुम्ही,” कुणी म्हणालं. “आजकाल कोण सांभाळतं?”

सून पाण्याचे पेले घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला.

“झोपेत नाही गेल्या त्या,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “त्या दार वाजवत होत्या. दोनदा वाजवलं. बाबांनी ऐकलं, ह्यांनी ऐकलं, मी ऐकलं. आम्ही पाहुण्यांसमोर बसून राहिलो. वयाने नाही गेल्या आत्या. आम्ही घालवलं त्यांना.”

“अगं, काय बोलतेस! लोक बसलेत,” सासूबाई कळवळल्या.

“लोक बसलेत म्हणूनच त्या आत कोंडलेल्या होत्या ना, आई?”

ती आत गेली. शिलाई यंत्राच्या खणातून तिने स्क्रू ड्रायव्हर आणला आणि सगळ्यांच्या देखत कडीचे स्क्रू काढायला लागली. नवरा पुढे आला. तिने त्याच्याकडे पाहिलं मात्र, तो जागच्या जागी थांबला. तो मग तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. कडी निघून तिच्या हातात आली. दार आपोआप किलकिलं झालं, तिने ते सताड उघडलं. यंत्र घोंगावतच होतं. त्याची गरम वाफ थेट हॉलमध्ये शिरली. बसलेल्यांच्या कपाळावर घाम आला, कुणी पदराने वारा घेऊ लागलं, कुणी चुळबुळलं. रिकामी खाट सगळ्यांना समोर दिसत होती. उशाशी तांब्या होता. चष्म्याची डबी होती.

तेवढ्यात चिमणी धावत आली. उघडं दार पाहून ती नेहमीच्या उत्साहाने ओरडली, “दाल लावा, गालवा जातो!”

या वेळी कुणी हसलं नाही. सुनेने लेकीला उचलून छातीशी धरलं आणि ती तिला घेऊन त्या झळीत, आत्यांच्या खाटेवर जाऊन बसली.

“जाऊ दे, बाळा,” ती म्हणाली. “आता हे दार कुणी लावायचं नाही.”

हॉलमध्ये माणसं घामाने भिजत बसून राहिली. दार लावायला कुणी उठलं नाही.