सिंधूच्या साडीची खोळ

सिंधू गेल्यावर, दहाव्यानंतर, तिच्या साड्या तिच्या बहिणींनी आणि भावजयांनी वाटून घेतल्या. मीच घ्या म्हणालो. एक तेवढी मागे राहिली, कारण ती साडी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या निळ्या साडीची तिने कॉम्प्युटरच्या सीपीयूला खोळ शिवली होती. काठ खाली येईल अशी, मागून तारांपुरती फट ठेवून.

कॉम्प्युटर गावच्या दूध संस्थेचा. सिंधू संस्थेची सचिव होती. संस्थेच्या खोलीला पत्रे आणि आत धूळ, म्हणून तो आमच्या घरी. यंदा पाऊस नाही, दूध आटलं, आणि संस्थेने लिंबागणेशच्या रस्त्याला जनावरांची छावणी सुरू केली. किती जनावरं दावणीला आहेत याची हजेरी रोज संध्याकाळी तहसिलात पाठवावी लागे. नाही गेली तर चारा थांबे. सिंधूच्या मागे ते काम माझ्याकडे आलं. मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो, कॉम्प्युटर येत होता. ऊस नसल्याने कारखाना बंद होता, घरीच होतो.

सिंधूची नजर कमी होती. तिने अक्षरं मोठी करून घेतली होती, माउसचा बाण मोठा आणि पिवळा, डबल क्लिकचा वेग एकदम कमी. फोल्डरांना घरातली नावं दिली होती. रोजचं काम 'चूल', जुनं सगळं 'माळा', अर्धवट राहिलेलं 'उंबरा'. रिसायकल बिनचं नाव बदलून 'उकिरडा' केलं होतं. चालू केलं की आधी तिचं नाव यायचं, सिंधू, त्यावर क्लिक करून मी आत जायचो. माझं वेगळं खातं मी काढलं नाही.

चैत्रात तो बंद पडायला लागला. चालू व्हायचा, थोडा वेळ चालायचा, आणि लाइट गेल्यासारखा एकदम काळा. लाइट असायची.

मी क्रमाने गेलो. वायर बदलली. दुसऱ्या बोर्डवर लावला. खोळ एका बाजूने वर गुंडाळून सीपीयूची पत्र्याची बाजू उघडली. रॅम काढून तिच्या पिना खोडरबराने घासल्या. सायकलच्या पंपाने धूळ उडवली. पंखा फिरत होता. प्रोसेसरची उष्णता ओढणारी पेस्ट बीडहून आणून नवीन लावली. उघडा ठेवला तर नीट चालला. झाला दुरुस्त म्हणून बाजू लावली, खोळ खाली ओढली, हजेरी भरायला बसलो. अर्ध्या हजेरीत बंद.

संस्थेचे चेअरमन सुंदरराव दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, बीडचा कॉम्प्युटरवाला त्रिंबक उद्या छावणीवर येतोय, तो फॉरमॅट मारून देईल, विषय संपेल. मी म्हणालो फॉरमॅटने सगळं जातं. ते म्हणाले हजेरीच्या फाईली काढून ठेवा की. त्यांचं चूक नव्हतं. फाईली पेन ड्राइव्हवर आल्या असत्या. पिवळा बाण, मोठी अक्षरं, चूल, उंबरा, तिचं नाव, हे गेलं असतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विंडोज चालूच होऊ दिलं नाही. सुरू होताना डिलीट दाबून आतल्या निळ्या पडद्यावर गेलो आणि तिथेच थांबलो. तिथे प्रोसेसर किती तापलाय ते दिसतं. आकडा चढत गेला आणि कॉम्प्युटर तिथेही बंद पडला. म्हणजे दोष विंडोजचा नव्हता, फॉरमॅट करून काही होणार नव्हतं. मग थंड होऊ दिला, खोळ गुंडाळली, बाजू उघडली, परत तो पडदा. आकडा जागेवर. बाजू लावली, खोळ वरच ठेवली. जागेवर. खोळ खाली ओढली. चढायला लागला.

मला कळलं. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि मागच्या जाळीतून निघणारी गरम हवा खोळीत कोंडत होती.

खोळ काढायची आणि बाजूला ठेवायची, एवढंच होतं. मी काढली नाही. कॉम्प्युटर बंद केला आणि तिथेच बसून राहिलो. जेवलो नाही. काही वाटत होतं असंही नाही.

दुपारी त्रिंबक आला. बरोबर छावणीवरची भामाबाई होती, सिंधूची मैत्रीण, हजेरीचे आकडे घेऊन. त्रिंबकने खुर्ची ओढली आणि सीपीयूकडे बघून हसला.

"काका, मशीनला साडी कावून नेसवली? लगीन हाय का त्याचं?"

भामाबाईने त्याला डोळ्याने गप्प केलं. त्याने पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर डिस्क पुसायची का असं विचारणारी चौकट आली. त्याचा हात माउसवर होता.

"थांब," मी म्हणालो. "त्याला हवा लागत न्हाई. फॉरमॅट नको."

"मग काय करू?"

"काही नको. मीच करतो."

मी खोळ काढली. वरून सरळ निघाली, हलकी होती. त्रिंबकने पेन ड्राइव्ह काढला, निळ्या पडद्यावर जाऊन तापमानाचा आकडा बघितला, थोडा वेळ वाट बघून परत बघितला. बरोबर आहे म्हणाला. चहाला थांबला नाही.

खोळ माझ्या हातातच होती. कुठे ठेवावी सुचेना. भामाबाई म्हणाली, "खांद्यावर टाका, दाजी. सिंधू तसंच करायची. बसायच्या आधी काढून खांद्यावर. बंद केल्यावर वरून हात लावून बघायची, गार झाला का. मगच घालायची."

मी कामावरून यायचो तेव्हा कॉम्प्युटर नेहमी खोळीत असायचा.

"आधी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तुमाला ठाव हाय."

मी खोळ खांद्यावर टाकली. सिंधूच्या नावावर क्लिक केलं. भामाबाई आकडे सांगत गेली, कुणाच्या किती गाई, किती बैल, कुणाचं वासरू कालच गेलं. मी भरत गेलो. मधे कुठे बंद पडला नाही. हजेरी पाठवली, 'चुली'त ठेवली. भामाबाई पाण्याचा टँकर आला म्हणून घाईने गेली.

मी कॉम्प्युटर बंद केला. पंखा थांबला. वर हात ठेवून बघितला. गरम होता. खोळ खांद्यावर ठेवून मी तिथेच बसलो.