माझी पुढची दांडी मोडली तेव्हा

मी एक जुना खोडा आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी खोडा पाहिलाही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. जनावरांच्या दवाखान्यासमोर चार जाडजूड खांब आणि त्यांना अडकवलेल्या आडव्या दांड्या असतात ना, तोच मी. आजारी बैल किंवा म्हैस माझ्या आत उभी करतात, पुढून-मागून दांड्या लावतात, मग डॉक्टर तपासतात. धरून ठेवणं हा माझा धंदा. आत येणाऱ्याला तो मुळीच आवडत नाही.

मित्रांनो, माझं लाकूड तळ्याकडच्या रानातल्या ऐनाच्या झाडाचं. रघू सुतारांनी मला घडवलं आणि नागावच्या वाटेवरच्या या दवाखान्यात उभं केलं. पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "हत्ती आला तरी हलायचा न्हाय." हत्ती काही इकडे फिरकला नाही, पण मस्तवाल बैलांच्या धडका मी वर्षानुवर्षं खाल्ल्या. "खोडा हाय म्हनून डॉक्टर हायत," असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

इथली एक रीत मला सुरुवातीपासून खटकायची. जनावराला पाणी पाजायचं, शेण काढायचं, धार काढायची ती बायकांनी. दवाखान्याची वाट मात्र पुरुषांची. "कधीपासून खात नाही?" असं डॉक्टरांनी विचारलं की आणणारा डोकं खाजवायचा आणि घरी फोन लावायचा.

मग डॉक्टर अमिषा म्हात्रे आल्या. उरणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. अंगाने किरकोळ. त्यांना पाहून पारावरची मंडळी कुजबुजली, "हिला बैल आवरंल काय?" बाईंनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी एकेक दांडी हलवून पाहिली आणि सैल झालेली दांडी काथ्याच्या दोरीने आवळून बांधली. मला त्या तेव्हाच आवडल्या.

आता चांद्याची गोष्ट सांगतो. चांद्या हा हरेश्वर आणि नीराबाई या नवराबायकोचा बैल, कपाळावर पांढरा चांद असलेला. जन्मतःच त्याची आई गेली. नीराबाईंनी त्याला बाटलीने दूध पाजलं, मांडीवर डोकं घेऊन निजवलं. पण तो वाऱ्यासारखा पळायला लागला आणि हरेश्वरने त्याला किनाऱ्यावरच्या शर्यतीसाठी निवडलं. त्यांच्या गावात शर्यतीच्या बैलाला बाईचा हात लावू देत नसत. त्या दिवसापासून नीराबाई गोठ्याच्या दारातूनच त्याला बघायच्या. तोही मान वळवून त्यांच्याकडे बघायचा म्हणे.

थंडीचे दिवस होते. शर्यती तोंडावर आलेल्या. एका सकाळी टेम्पोतून चांद्याला आणलं. मान ताठ पुढे काढलेली, तोंडातून लाळेच्या तारा, डावी कूस फुगून ढोलासारखी झालेली. चार गड्यांनी त्याला कसाबसा माझ्यात ढकलला आणि त्याची वेसण माझ्या खांबाला बांधली. मागून नीराबाई धापा टाकत चालत आल्या आणि फाटकाबाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली थांबल्या.

"नजर लागली हाय, म्याडम," हरेश्वर म्हणाला. "पाणीबी उतरत न्हाय."

"पिसाळलेलं कुत्रं वगैरे चावलं होतं का?"

"न्हाय, न्हाय."

"खायला काय घातलं?"

"समदा ताकदीचा. अंडी, खारीक, रताळी."

"रताळी चिरून घातलीत का?"

हरेश्वरने गड्यांकडे पाहिलं, गड्यांनी जमिनीकडे. उत्तर फाटकाबाहेरून आलं.

"मी इळीवर बारीक चिरून घालायचे, बाय. तो चावत न्हाय, तसाच गिळतो. ल्हानपनापासूनची खोड हाय त्याची."

बाईंनी चांद्याच्या गळ्यावरून हात फिरवला. खाली मुठीएवढी गाठ लागली. तेवढ्या स्पर्शानेही चांद्या बिथरला. त्याने जीव खाऊन धडक दिली आणि काडकन माझी पुढची दांडी मोडली. गडी पळाले. मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हत्ती सोडा, आईवेगळं वाढलेलं एक घाबरं जनावर मला धरता आलं नाही.

वेसणीने तो अजून बांधलेला होता, पण डोकं असं हेलकावत होतं की तोंडात हात घालणं शक्य नव्हतं. वेसण ओढावी तर नाक फाटेल. घसा अडून ढेकर कोंडल्याने कूस घटकेघटकेला फुगत होती.

"नीराकाकी, आत या," बाई म्हणाल्या. "त्याचं डोकं धरा."

"म्याडम, शर्यतीच्या बैलाला बाईचा हात चालत न्हाय," हरेश्वर पुढे झाला.

बाई कोपरापर्यंत हातमोजा चढवत होत्या. "मग हा हात कोणाचा आहे, हरेश्वरदादा? हा त्याच्या घशात गेला नाही, तर बैल दुपार बघणार नाही. बोला लवकर."

हरेश्वरने चांद्याकडे पाहिलं. त्याचाही जीव होता त्या बैलावर, नव्हता असं मी म्हणणार नाही. मग तो बायकोला एवढंच म्हणाला, "जा गो."

माझी दांडी जिथे होती, तिथे नीराबाई उभ्या राहिल्या. त्यांनी चांद्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच्या चांदाला कपाळ टेकलं. "बाबू, आले रे मी. उगी, उगी." चांद्या थरथरत होता, पण त्याचं डोकं थांबलं. इतकी वर्षं मी जनावरं धरली, पण असं मला कधी जमलं नव्हतं.

तोंड उघडं राहावं म्हणून बाईंनी त्याच्या तोंडात लोखंडी कडी बसवली आणि हात घशात घातला. तो किरकोळ हात आत सरकत गेला. "काकी, एका हाताने बाहेरून गाठ वर ढकला. हळू. अजून वर... आलं!"

अख्खं रताळं होतं, सालासकट. चांद्याने असा ढेकर दिला की नीराबाईंच्या तोंडावर लाळेचा शिंतोडा उडाला. गडी हसले, नीराबाई रडल्या आणि हरेश्वर ते रताळं हातात घेऊन माझ्या खांबापाशी खाली बसला. "मीच टाकला व्हता, गो," तो म्हणाला.

घसा सोलवटला होता, म्हणून बाईंनी त्या वर्षी चांद्याला पळू दिलं नाही. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं : जनावराला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला बरोबर आणा. आधी एकदोघी बिचकत आल्या, पुढे त्यांची रांग लागायला लागली. औषध कसं पाजायचं, ताप कसा बघायचा, हे बाई त्यांना माझ्या सावलीत शिकवतात. आज नीराबाई त्यांच्या गावाच्या शर्यत समितीवर आहेत. त्यांनी आणि बाईंनी पाहिल्याशिवाय एकही बैल गाडीला जुंपत नाहीत. पुढच्या हंगामात चांद्याची वेसण धरून त्याला वाळूवर नेलं तेही नीराबाईंनीच. चांद्या जिंकला नाही. घरी मात्र दोघं मजेत आले म्हणे.

हल्ली माझ्या शेजारी नवा लोखंडी खोडा आला आहे. चकचकीत आहे बिचारा. दणकट जनावरं तिकडे जातात आणि माझ्या खांबांवर पोरं दप्तरं अडकवतात. पण भेदरलेलं जनावर आलं की बाई अजून माझ्याकडेच बोट दाखवतात आणि डोकं धरायला नीराबाईंना बोलावून घेतात.

म्हणून एक विनंती, मित्रांनो. माझ्या खांबांना वर्षातून एकदा तेल लावा. वाळवी दिसली तर झटका. मागची दांडी सैल झाली असेल तर तीही आवळा. पुढची मात्र बसवू नका. तिथे नीराबाई उभ्या राहतात.