सकाळचा फोटो

“इथी आग कोनं लावली, कांताबाई?” वनरक्षक मुखरू बुटाच्या टाचेने राख उकरत म्हणाला.

कांताबाई मोहाच्या झाडाखाली उकिडवी बसून फुलं वेचत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुले माहीत हाये तं विचारते काऊन गा?”

झाडाखालचा पाला जाळून जागा मोकळी केली की पहाटे गळलेली पिवळी फुलं नजरेत भरतात. सासूच्या सासूनेही हेच केलं होतं. जंगलखात्याला ते खपत नाही, पण जंगलखात्याला कधी कंबर वाकवून फुलं वेचावी लागली नाहीत, असं कांताबाईचं म्हणणं. काल मात्र वारा फिरला. आग शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून सरकली आणि राखीव जंगलातलं बांबूचं एक बेट काळं करूनच विझली.

“इथी मानूस नोता, कुत्रं नोतं. चुगली कोनं केली?”

मुखरूने मोबाईल पुढे धरला. “वरच्या उपग्रहानं. आग दिसली का मले मेसेज येते. झाडन् झाड पाह्यते थो.”

“म्हनजे आभाळातून बायायच्या चुलीत डोकावाचे धंदे सुरू झाले म्हन.”

“चुलीचं नाई माहीत. जंगल रोज पाह्यते.”

फूल टोपलीत टाकता टाकता कांताबाईचा हात थांबला. “रोज?”

“रोज.”

“अहेरीकडचं बी?”

मुखरूने मोबाईल खिशात घातला. अहेरीकडे काय झालं होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. कांताबाईचा थोरला, राजदीप, पोलिसात होता. तीन-चार वर्षांमागे धान कापणीच्या दिवसांत अहेरीच्या पुढे गस्तीवर गेला असताना रस्त्यात नक्षलवाद्यांच्या सुरुंगाचा स्फोट झाला. घरी आली ती खिळे मारलेली पेटी. तिच्यावर झेंडा होता, फुलं होती, अंगणात साहेब लोक होते. “एकडाव तोंड पाहू द्या,” म्हणून कांताबाई अडून बसली, पण पेटी उघडू दिली नाही. ज्या बाईसमोर गावचा पोलीस पाटील आवाज चढवत नव्हता, तिचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही.

“तिकडचं बी पाह्यते, बाई,” मुखरू हळूच म्हणाला. “अना पुन्हा जाळू नोका.” दंडाचं नावही न काढता तो निघून गेला.

टोपली अर्धीच भरली होती, तरी कांताबाई उठली.

तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आग पाहिली, तर माणूसही पाहिला असणार. झाडन् झाड पाहणाऱ्याने त्या झाडाखालचा आपला पोरगाही पाहिला असणार. पेटीने जे झाकलं, ते वर कुठेतरी उघडं आहे.

आणि वरचं शिकणारी तर तिच्या घरातच होती. धाकटी रिना पुण्याला संरक्षणशास्त्र शिकत होती, आणि त्यातही तिने विषय घेतला होता अंतराळाचा. गावात कुणी विचारलं की कांताबाई ताठ मानेने सांगायची, “आभाळाची राखन शिकून राह्यली.” घरात मात्र तिची जीभ वेगळी चालायची. “वर ना धान, ना डुक्कर. राखता काय तुमी?” मागे एकदा सिंदेवाहीकडे आभाळातून लोखंडाचं भलंमोठं कडं पडलं, तेव्हापासून तिचा सूर थोडा उतरला होता. वर काहीतरी आहे आणि ते डोक्यावर येऊ शकतं, एवढं तिने मान्य केलं होतं.

बुद्धजयंतीला रिना घरी आली. खीर झाली, वंदना झाली, विहारातून लोक आपापल्या घरी गेले. कांताबाईने बाजेवर बैठक मारली.

“तुयं डबडं काढ वं.”

डबडं म्हणजे लॅपटॉप.

“काय पाहाचं हाये, माय?”

“राजदीपचा फोटो. वरून काढलेला. त्या दिवसाचा.”

रिनाने बॅगेला हात लावला नाही.

“मुखरू सांगे, झाडन् झाड दिसते. माह्यी एवढीशी आग दिसली, तं गाडीभर पोट्टे दिसले नसतीन?”

“आग तपते म्हनून दिसते, माय. मानूस नाई दिसत.”

“मंग शिकता काय तुमी तिथी?”

“वरून कोन कोनाले पाहून राह्यला, हे. लढाईत एखाद्यानं दुसऱ्याचा उपग्रह आंधळा केला तं खालच्या फौजेचं काय होईन. फोडला तं त्याचे तुकडे कोनाकोनाले लागतीन. वर कोनाची सरहद्द नाई ना.”

“म्हनजे धुरा नाई अना राखन हाये.”

“हो. म्हनूनच तं भांडन.”

कांताबाईने सुपारी कातरायला घेतली. धुऱ्याची भांडणं तिला शिकवायची गरज नव्हती. “अना बारीक दिसनारे डोळे असतीन ना कोनाजवळ?”

“असते. फौजेजवळ, मोठ्या देशायजवळ. पन थे कोनाले दाखवत नाई.”

“मरनाऱ्याच्या मायले बी नाई?”

रिनाने बॅग जवळ ओढली. मग म्हणाली, “एक हाये. साऱ्यायले पाहाले भेटते असा. मी पाह्यला. पुन्याले गेली त्याच आठवड्यात पाह्यला.”

अडकित्ता थांबला. “अना मले सांगतलं नाई?”

“त्यात काहीच दिसत नाई, माय. काय सांगू?”

“काहाड.”

पडद्यावर हिरवं उघडलं. हिरव्यात हिरवं, कुठे जरा काळसर, आणि एका कोपऱ्यातून मळक्या दोरीसारखी गेलेली नदी. कांताबाईने दुसरीपर्यंतच्या शाळेत नकाशासुद्धा पाहिला नव्हता. तरी ती चष्मा पुसून जवळ सरकली.

“रस्ता कुठी हाये?”

“झाडाखाली. अना यातल्या एका ठिपक्यात आपलं अख्खं आंगन बसते.”

“हे त्याच दिवसाचं?”

“त्याच दिवसाचं.”

“कोन्या वेळचं?”

“सकाळचं. हा उपग्रह इकडून सकाळीच जाते.”

स्फोट दुपारी झाला होता. पोरं जेवायला थांबणारच होती, असं राजदीपच्या सोबत्याने येऊन सांगितलं होतं. हे दोघींनाही ठाऊक होतं. कांताबाईने बोट पदराला पुसलं आणि पडद्यावरच्या हिरव्यावर टेकवलं. तिथून उचललं, जरा बाजूला टेकवलं. चुलीवरच्या भाकरीला लावावं तसं, भाजेल म्हणून बेताने.

“कोनी वेळेवर पाह्यलं असतं तं?” तिने विचारलं.

“पाहनं निरालं, माय. पाहून वेळेवर सांगनं निरालं.” रिना म्हणाली. “थेच तं शिकून राह्यली मी.”

कांताबाईने चष्मा काढून लेकीकडे पाहिलं. लेकीने हा विषय का घेतला, हे तिने तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. फक्त गावात मिरवलं होतं आणि घरात हिणवलं होतं.

“हे कागदावर काहाडून आन,” ती म्हणाली. “चांगल्या जाड कागदावर.”

धान कापणी आली. राजदीपच्या पुण्यस्मरणाचा दिवस होता. पुण्याहून रिना आली, मूल गावाहून कांताबाईचा भाऊ सोमाजी आला. टेबलावर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली गणवेशातला राजदीप. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं. सोमाजीने राजदीपच्या फोटोला झेंडूचा हार घातला आणि एक हार त्याच्या हातात उरला.

दाराजवळच्या भिंतीवर, राजदीप आला की शर्ट अडकवायचा त्या खुंटीखाली, रिनाने आणलेला कागद चौकटीत लावलेला होता. सोमाजी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“हे काय होय, बाई? जंगल?”

“थे राजदीपचंच होय.”

“यात तं कोनी दिसून नाई राह्यलं.”

“तुले नाई दिसनार.”

सोमाजीने बहिणीशी वाद घालायचं कधीच सोडून दिलं होतं. भाच्याचं म्हणते तर असेल, म्हणून त्याने उरलेला हार उचलला आणि चौकटीच्या खिळ्याकडे हात नेला.

“याले नोको, भाऊ.” कांताबाईने त्याचं मनगट धरलं. “याले हार नोको. यात जित्ता हाये थो.”

स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी रिना थांबली, आणि परत लाटू लागली.

सोमाजीने हार परातीत ठेवून दिला. लोक जेवले, पाणी प्यायले, धानाच्या गोष्टी करत ओसरीवर बसले. कांताबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्या हिरव्यावरची धूळ पुसली. मग दारातून ऊन आत सरकू लागलं. भिंतीकडे येत येत ते चौकटीच्या पायाशी पोचलं, तेव्हा तिने उठून कवाड लोटलं. त्या कागदावर तिने दुपार चढू दिली नाही.